तुमचा निरागस काळ आमच्या वस्तीत कधी आला होता?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेच्या 2003 सालच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. तालुक्याच्या गावातलं मंगल कार्यालय, फेटे बांधलेले जुने सर, व्हेज पुलाव, गुलाबजाम आणि भाषणं. आमच्या भीमनगरातले आम्ही चौघंच गेलो होतो. एक वर्गमित्र माईकवर आला. आता तो पुण्यात मोठ्या पगारावर आहे. म्हणाला, "आपला काळ किती निरागस होता! मुलींशी बोलायलासुद्धा आपण लाजायचो. प्रेम म्हणजे काय, सेक्स म्हणजे काय, काही माहीत नव्हतं. आजच्या पोरांना मोबाईलनं वेळेआधी मोठं केलं. आपल्याला खरं बालपण मिळालं."

सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. जुन्या सरांनी रुमालानं डोळे पुसले. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चौघांच्याही डोक्यात एकच नाव आलं. ते नाव इथे लिहीत नाही. तो आमच्याच वर्गात होता, आमच्याच गल्लीत राहायचा आणि या बॅचच्या यादीत तो नव्हता, कारण त्यानं दहावी केलीच नाही. का केली नाही, हे त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. तरी टाळ्या वाजल्या.

हा लेख त्या टाळ्यांना दिलेलं उत्तर आहे. हे उत्तर त्या एका वर्गमित्राला नाही. तो वाईट माणूस नाही, आजही फोन केला तर मदतीला येईल. पण 'आमचा काळ निरागस होता' हे वाक्य आता सगळीकडे ऐकू येतं. लग्नाच्या मांडवात, शाळेच्या कट्ट्यावर, टीव्हीच्या चर्चेत. आणि आता आमच्या समाजातले तिशी-चाळिशीतले शिकलेले लोकही तेच बोलायला लागले आहेत. म्हणून हे लिहिणं गरजेचं वाटलं.

एक चिठ्ठी, दोन न्याय

आठवीत असताना वर्गात दोन चिठ्ठ्या सापडल्या. पहिली चिठ्ठी गावातल्या एका बागायतदाराच्या मुलानं व्यापाऱ्याच्या मुलीला दिली होती. ती सरांच्या हातात पडली. सरांनी मुलाचा कान पिरगाळला, "आत्तापासून हे धंदे?" म्हणाले आणि स्वतःच हसले. वर्गही हसला. त्या गेट-टुगेदरमध्ये हाच किस्सा रंगवून सांगितला गेला आणि तो मुलगा, म्हणजे आताचा मोठा कंत्राटदार, लाजून हसला.

दुसरी चिठ्ठी महिनाभरानं सापडली. ती आमच्या गल्लीतल्या मुलाची होती आणि मुलगी गावातली होती. चिठ्ठीत 'तू मला आवडतेस' एवढंच होतं, खाली नावसुद्धा नव्हतं. अक्षरावरून ओळखलं. या वेळी कान पिरगाळून भागलं नाही. त्याच्या बापाला बोलावणं गेलं, शाळेत नाही, चावडीवर. बाप दुसऱ्याच्या शेतात सालगडी होता. तो हात जोडून तासभर उभा राहिला. रात्री वस्तीत दगड आले. चौथ्या दिवशी तो मुलगा मामाकडे, तिथून मुंबईला आणि तिथून बिगारी कामावर गेला. तेरा वर्षांचं पोर.

दोन्ही चिठ्ठ्यांत तेच लिहिलेलं होतं. वय तेच, वर्ग तोच, सर तेच. एकाची चिठ्ठी आज गोड आठवण आहे आणि दुसऱ्याची चिठ्ठी म्हणजे गुन्हा ठरली. आता सांगा, निरागस काळ कुणाचा होता?

'निरागस' या शब्दाचं मूळ पाहा. संस्कृतात 'आगस्' म्हणजे अपराध. निरागस म्हणजे ज्याच्यावर अपराध नाही तो. या समाजात कोण जन्मतःच निरपराध धरला जातो आणि कोण जन्मतःच अपराधी, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. ज्याची चूक पोरखेळ म्हणून सोडली जाते, त्यालाच पुढे 'आम्ही किती निरागस होतो' असं म्हणता येतं. ज्याच्या चुकीची किंमत बाप, घर, शाळा आणि कधी जीव देऊन मोजावी लागते, त्याला हा शब्द परवडत नाही.

आम्ही वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं खर्डा आठवा. 28 एप्रिल 2014. सतरा वर्षांचा दलित मुलगा, शाळेत शिकणारा. सवर्ण मुलीशी बोलतो एवढ्या संशयावरून त्याला मारून टाकलं गेलं. 2017 साली सत्र न्यायालयात सगळे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फिरले. आमच्या गल्लीतला पोरगा मुंबईला पळाला म्हणून जगला, एवढाच दोघांत फरक. त्याच जिल्ह्यात सोनईला 2013 च्या पहिल्याच दिवशी मेहतर समाजातल्या तीन तरुणांची निर्घृण हत्या झाली. कारण काय? प्रेमसंबंध. हे सगळं ज्या काळात झालं तो काळ फार जुना नाही आणि ज्या गावांत झालं त्या गावांतही कुणीतरी 'आमचं बालपण किती निरागस' म्हणत असेलच.

मुलींच्या वाट्याला काय आलं?

मुलांचं हे झालं. मुलींचं तर त्याहून वेगळं. सवर्ण घरातल्या मुलीला 'काही कळत नाही' हे तिचं भूषण. आमच्या मुलींबद्दल मात्र वर्गात, पाणवठ्यावर, शेतात एकच बोललं जायचं, "त्यांच्यात सगळं चालतं." म्हणजे आमची बारा वर्षांची मुलगी त्यांच्या नजरेत जन्मतःच सगळं जाणणारी आणि जन्मतःच उपलब्ध. तिला निरागस समजायला कुणी तयारच नव्हतं. शेतात खुरपायला गेलेल्या पोरीला मालकाचा मुलगा काय बोलायचा, हे आमच्या आयांना माहीत होतं. त्या मुलींना एकटं पाठवत नव्हत्या. पण का पाठवत नाही, हे मात्र सांगत नव्हत्या. त्यांच्याकडे भीती होती. ती पोरीला समजेल अशा शब्दांत सांगायची भाषा त्यांना कुणी दिली नव्हती.

ही नजर फक्त गावच्या टवाळांची नाही, न्यायालयाचीही होती. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सत्र न्यायालयानं तिला संभोगाची सवय असल्याचं म्हटलं आणि आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयानं शिक्षा दिली, पण 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पुन्हा निर्दोष ठरवलं. कारण काय, तर तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठे 1983 साली कायदा बदलला. मथुरा तेव्हा किशोरवयीन होती. तिच्या निरागसपणाबद्दल कुणाचे डोळे पाणावले होते?

29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं गेलं. त्यानंतर पहिली बातमी काय पसरवली गेली? 'अनैतिक संबंध'. मेलेल्या आईच्या चारित्र्यावर आधी बोट आणि मग तपास. सवर्ण स्त्रीचं चारित्र्य ही कुळाची ठेव मानली जाते, दलित स्त्रीचं चारित्र्य हा आरोपीच्या बचावाचा मुद्दा होतो. ज्या समाजात अशी वाटणी आहे, तिथे 'पूर्वी सगळे कसे साधे होते' हे बोलणं अज्ञानातून आलेलं असेल तर शिकून घ्यावं, आणि जाणूनबुजून असेल तर त्याला ढोंग म्हणावं.

न बोलणं ही व्यवस्था होती

आठवी-नववीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा होता. सरांनी तो 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला. एकदा मुलींना वेगळ्या वर्गात नेऊन कुणी बाईंनी पाळीबद्दल माहिती सांगितली, मुलांना मैदानावर पिटाळलं. परत आलेल्या मुलींकडे मुलं आठवडाभर बघून हसत होती. शाळेनं आम्हाला लैंगिकतेबद्दल काहीच शिकवलं नाही, असं आम्ही कसं म्हणू? शाळेनं भरपूर शिकवलं. शरीर म्हणजे लाज, मुलगी म्हणजे चेष्टा, प्रश्न विचारणारा म्हणजे वाह्यात. हे सगळं एकही शब्द न बोलता शिकवलं.

समाजशास्त्र शिकताना एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. ही शांतता आपोआप तयार होत नाही, ती राखावी लागते. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी जातीचं मर्म दाखवून दिलं : जातीबाहेर लग्न न करणं. जात टिकवायची तर जातीतल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बाई 'जास्तीची' होते, बायको मेली की पुरुष 'जास्तीचा' होतो. जास्तीच्या बाईचं काय करायचं? सती किंवा सक्तीचं वैधव्य. जास्तीच्या पुरुषाचं काय करायचं? त्याच्यासाठी लग्नाच्या वयाला न आलेली लहान मुलगी आणायची. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथांचं मूळ बाबासाहेबांनी जात राखण्याच्या गरजेत दाखवलं.

आता या मांडणीच्या पुढे एक पाऊल टाकून पाहा. आपल्याला काय हवं, कोण हवं, कोण नको, हे ज्या मुलीला कळतं ती जातीच्या हिशेबात बसत नाही. ज्या मुलाला मैत्री, आकर्षण आणि संमती यातला फरक कळतो तो 'आपल्यातलीच' शोधत बसत नाही. म्हणून तरुण पोरांना काही कळू न देणं ही जातिव्यवस्थेची गरज आहे. त्या अज्ञानालाच 'संस्कार' म्हणायचं आणि पुढे तीस वर्षांनी 'निरागसपणा' म्हणून त्याची आरती करायची.

आणि ही शांतता ज्यांच्या घरात सर्वात पवित्र मानली जात होती, तिथे तरी काय होतं? 1863 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीमाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ते कुणासाठी काढावं लागलं? घरातल्याच पुरुषांच्या वासनेला बळी पडून गरोदर राहिलेल्या ब्राह्मण विधवांसाठी. अशाच एका विधवेचा मुलगा फुले दांपत्यानं दत्तक घेतला, तोच यशवंत. म्हणजे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा 'सोज्वळ काळ' वाड्यांच्या आत किती सोज्वळ होता, हे आपल्या माईला माहीत होतं. तिनं त्या बायकांना पापी म्हटलं नाही, दार उघडलं.

आपला वारसा गप्प बसण्याचा नाही

आमच्या काही कार्यकर्त्यांना वाटतं की लैंगिक शिक्षण हे पाश्चात्त्य खूळ आहे, चळवळीचा विषय नाही. त्यांनी 1934 साल आठवावं. रघुनाथ धोंडो कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, स्त्रीचं सुख यावर उघड लिहीत होते. प्राध्यापकाची नोकरी त्यांनी याआधीच गमावली होती. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात कोण उभं राहिलं? बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. लैंगिक प्रश्नावर लिहिणं म्हणजे अश्लीलता नव्हे, आणि लोकांना विकृती वाटते तीही ज्ञानानंच दूर होईल, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण त्या काळात गोलमेज परिषदेहून आलेला, पुणे कराराच्या जखमा घेऊन फिरणारा, सगळ्या देशाच्या नजरेत असलेला नेता 'माझ्या समाजाची बदनामी होईल' असा हिशेब करत बसला नाही.

1938 साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या पक्षानं आणला. बाबासाहेबांनी तयार केलेलं भाषण पी. जे. रोहम यांनी वाचलं. ठराव फेटाळला गेला. 20 जुलै 1942 ला नागपुरात दलित महिला परिषदेत हजारो बायांसमोर बाबासाहेब म्हणाले की लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, फार मुलं होऊ देऊ नका, आणि लग्न झाल्यावर बायकोनं नवऱ्याची दासी न होता मैत्रीण म्हणून, बरोबरीनं उभं राहावं. 1942 साली, जेव्हा आमच्या पणज्यांची लग्नं पाळण्यात होत होती! हे आपल्या बापाचे शब्द. मग आज विहारात मुलींसमोर लग्न आणि शरीर यावर बोलायला आपली जीभ का अडखळते?

याउलट हे पाहा. 2007 साली महाराष्ट्रात शाळांतलं लैंगिक शिक्षण 'संस्कृतीला बाधा येते' म्हणून बंद केलं गेलं. तेव्हा सरकार स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या पक्षांचं होतं आणि विरोध करणारे सर्वपक्षीय होते. जातीच्या प्रश्नावर भांडणारे पक्ष पोरांना अडाणी ठेवण्यावर मात्र एक झाले. आणि डिसेंबर 2022 मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवायला समन्वय समिती नेमली गेली. ओरड झाल्यावर 'आंतरजातीय' शब्द दोन दिवसांत काढला, आंतरधर्मीय ठेवला. एकीकडे आंतरजातीय लग्नाला 50,000 रुपयांचं अनुदान, दुसरीकडे पाळत. यातून सरकारला नेमकं काय हवं आहे ते समजून घ्या.

मोबाईलवर खापर फोडू नका

लोक विचारतात, "मग आजचं बरं आहे का? पोरं दहाव्या वर्षी नको ते बघतात." आजचंही बरं नाही. पण का बरं नाही? घरानं सांगितलं नाही, शाळेनं सांगितलं नाही, विहारानं सांगितलं नाही. मग उरला तो मोबाईल. आमच्या वेळी पिवळी पुस्तकं आणि व्हिडिओ पार्लर होतं, आज हातात स्क्रीन आहे. शिकवणारा तोच आहे, पुरुषाची मर्जी आणि बाईचं शरीर एवढंच शिकवणारा. अज्ञान गेलेलं नाही, त्यात फक्त चित्रं भरली गेली आहेत.

सामाजिक कामात आम्हाला जे दिसतं ते सांगतो. एक तेरा वर्षांची मुलगी. नातेवाईकच दीड वर्ष त्रास देत होता. आमच्या ताई तिच्याशी तीन दिवस बोलत होत्या. ती नुसती 'पोट दुखतं' म्हणत राहिली. तिला सांगायचं नव्हतं असं नाही. झालं ते सांगायला तिच्याकडे शब्दच नव्हता. तिच्या शरीराच्या ज्या भागाला जखम झाली त्या भागाचं नाव तिला कुणी शिकवलं नव्हतं. घरात जे शब्द होते ते सगळे शिव्यांमधले. शेवटी तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं. तुमचा निरागसपणा तो हाच. तो त्या मुलीला नाही, त्या नातेवाइकाला दीड वर्ष कामी आला.

दुसरं पाहा. आमच्या भागात ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची तर जोडी लागते. पोरगी वयात आली की आईबापाला प्रश्न पडतो, तिला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं? फडावरच्या कोपीत नेली तर तिथे भीती, मागे ठेवली तर इथे भीती. उपाय एकच, लग्न. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसतं. पाचातली एक. तिला ना पाळीचं नीट माहीत, ना गर्भनिरोधकाचं, ना 'नाही' म्हणता येतं याचं. पुढे विशीत दोन-तीन बाळंतपणं. आणि बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या कशा काढल्या गेल्या, हे 2019 साली साऱ्या महाराष्ट्रानं वाचलं. आपल्याच शरीराबद्दल काही ठाऊक नसलेल्या बाईला डॉक्टर 'पिशवी काढून टाका' म्हणाला तर ती कोणता प्रश्न विचारणार?

तिसरं. 2012 च्या पोक्सो कायद्यानं संमतीचं वय अठरा केलं. लहान मुलांच्या संरक्षणासाठी हा कायदा हवाच. पण साडेसतरा वर्षांची गावातली मुलगी आणि एकोणीस वर्षांचा वस्तीतला मुलगा एकमेकांच्या मर्जीनं भेटले, की हाच कायदा जातीच्या हातातली काठी होतो, हे आम्ही पाहिलं आहे. पोरगा तुरुंगात, पोरगी मामाकडे आणि महिनाभरात तिचं लग्न. आमच्या पोरांना कायद्याचं वय माहीत नसतं आणि आम्ही त्यांना सांगत नाही, कारण सांगायचं तर विषय काढावा लागतो!

आता स्वतःच्या घरात डोकावू

इथपर्यंत वाचून ज्यांनी मान डोलावली, त्यांना पुढचं कडू लागेल. आपण बौद्ध झालो, शिकलो, नोकऱ्या लागल्या, पक्की घरं झाली. आणि आपण सवर्णांची एक गोष्ट गुपचूप उचलली, त्यांची इभ्रत. 'त्यांच्यात सगळं चालतं' या टोमण्याला उत्तर म्हणून आपण आपल्याच मुलींना कोंडायला लागलो. ही जखम खरी आहे. ज्या समाजातल्या बायकांना मुरळी-जोगतिणी म्हणून सोडलं गेलं, तमाशाच्या फडात नाचवून वर अश्लील ठरवलं गेलं, त्या समाजाला इभ्रतीची भूक लागणारच. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर लिहिताना हाच गुंता उलगडला आहे. पण भूक खरी असली म्हणून मनूच्या ताटात जेवायचं का?

पंचशीलातलं तिसरं शील आपण रोज म्हणतो. कामवासनेच्या अनाचारापासून दूर राहण्याचं शील. त्याला पाली भाषेत सिक्खापद म्हणतात, म्हणजे शिकण्याचा नियम. अनाचार कशाला म्हणायचं हे न शिकता त्यापासून दूर कसं राहणार? जबरदस्ती हा अनाचार आहे, फसवणूक हा अनाचार आहे, बायकोची मर्जी न विचारणं हाही अनाचारच आहे. यातलं काहीही न सांगता फक्त 'मुलींनी खाली बघून चालावं' एवढाच अर्थ लावायचा, हा धम्म नाही.

आणखी एक प्रश्न. आपली मुलगी ब्राह्मण किंवा मराठा मुलाशी लग्न करते तेव्हा आपण जातिअंताचं भाषण देतो. तीच मुलगी मातंग, मेहतर किंवा पारधी मुलाचं नाव घेते तेव्हा किती घरांत जेवणं होतात? बाबासाहेबांनी 1936 साली जातिनिर्मूलनावर लिहिताना आंतरजातीय विवाहाला खरा उपाय म्हटलं. 'फक्त वरच्या जातीशी' असं त्यात कुठे आहे? ज्यांना हा प्रश्न टोचला त्यांनी रागावण्याआधी आपल्या वधू-वर मेळाव्याचा फॉर्म काढून पाहावा. त्यात पोटजातीचा रकाना आहे की नाही?

सगळंच अंधारात नव्हतं, हेही नोंदवतो. आपल्या बायकांनी आपल्या आधी बोलायला सुरुवात केली. बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमुचं'मध्ये आपल्याच घरातल्या पुरुषांची मारहाण लपवली नाही. उर्मिला पवारांनी 'आयदान'मध्ये बाईच्या शरीराबद्दल आडपडदा न ठेवता लिहिलं. तेव्हा त्यांना समाजातूनच बोल लागले. आज आपण त्यांचे फोटो कार्यक्रमाच्या बॅनरवर छापतो. फोटो छापायच्या आधी पुस्तक वाचू या.

काय करायचं?

नुसता राग उपयोगाचा नाही. आम्ही तीन वर्षांपासून आमच्या भागातल्या दोन विहारांत रविवारच्या वंदनेनंतर तासभर बोलतो. मुली वेगळ्या, मुलं वेगळी, आणि महिन्यातून एकदा एकत्र. शरीराच्या अवयवांची नावं, पाळी, स्वप्नावस्था, संमती, नकार पचवणं, गर्भनिरोधन, पोक्सो. पहिल्या महिन्यात दोन उपासकांनी वर्गणी बंद केली. सहाव्या महिन्यात त्यातल्याच एकाची बायको सुनेला घेऊन आली. आता मुलांच्या वर्गात सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे : "ती नाही म्हणाली तर काय करायचं?" हा प्रश्न आम्हाला तेराव्या वर्षी विचारता आला असता तर कितीतरी घरं वाचली असती.

तुमच्या वस्तीत हे सुरू करायला मोठा निधी लागत नाही. आरोग्य केंद्रातली नर्स, एक आशाताई, एक वकील आणि न लाजणारे दोन कार्यकर्ते पुरेत. 14 एप्रिलच्या डीजेचा एक तास कमी केला तरी वर्षभराची पुस्तकं येतात. शाळेकडे लेखी मागणी करा की प्रजननाचा धडा वर्गातच शिकवावा. पळून आलेल्या जोडप्याला दारात उभं करण्याआधी त्यांची वयं विचारा आणि सज्ञान असतील तर पाठीशी उभे राहा. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जातपंचायतीला नाक खुपसता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली स्पष्ट सांगितलं आहे. आणि कुणी अल्पवयीन मुलगी गरोदर राहिल्याचं कळलं तर लपवू नका, गावठी उपाय करू नका, तिला सरकारी दवाखान्यात न्या. मुलीनं आणि पालकानं मागणी केली तर डॉक्टरला पोलिसांकडे तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं न्यायालयानं 2022 मध्ये म्हटलं आहे. ही माहिती प्रत्येक आईपर्यंत गेली पाहिजे.

गेट-टुगेदरच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्या वर्गमित्राला फोन केला. दुसऱ्या चिठ्ठीची आठवण करून दिली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, ते तर मी विसरूनच गेलो होतो." त्याच्या बोलण्यावर आमचा विश्वास आहे. तो खरंच विसरला होता. आमच्या गल्लीतला तो पोरगा मात्र अजून गावी आला की शाळेसमोरच्या रस्त्यानं जात नाही, मागच्या ओढ्याकडून येतो. त्याची मुलगी यंदा आठवीत गेली. ती आमच्या रविवारच्या वर्गाला येते आणि पहिल्या रांगेत बसते.

जय भीम!